हलणाऱ्या खांबाखाली

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. बोट पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर घ्यायला अजून तीन आठवडे होते आणि डाव्या बाजूचा मधला स्टँचन हाताला हलत होता. स्टँचन म्हणजे डेकच्या कडेने उभे असतात ते स्टीलचे खांब, ज्यांतून लाइफलाइनची तार जाते. त्या हंगामात त्याच्या खालचे नट मी दोनदा आवळले होते. दोन्ही वेळा तो पंधरा दिवस गप्प उभा राहिला आणि पुन्हा हलू लागला. या वेळी आवळायचं नाही, उघडायचं, असं ठरवून बसलो. चारही बोल्ट निघाले. खांबाची बैठक पुट्टीच्या पात्याने अलगद उचलली, आणि एका भोकातून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी वर आलं. करंगळी घातली तर आत मऊ लागलं. नखाने जे बाहेर आलं ते तळहातावर घेऊन दाबलं. गाळणीतला चोथा पिळावा तसं त्यातून पाणी सुटलं. ते बाल्साचं लाकूड होतं.

ज्यांच्याकडे जुनी फायबरची शिडाची बोट आहे, किंवा जे अशी बोट घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना मला कळकळीने सांगायचं आहे की डेकवरची एखादी फिटिंग हलायला लागली तर पाना हातात घेण्याआधी तिच्या खाली काय चाललंय ते बघा. नट आवळून खांब थांबतो, पाणी थांबत नाही.

फायबरच्या बोटीचं डेक बहुतेक वेळा एकसंध नसतं. वर काचतंतू आणि रेझिनचा थर, एक ते दीड सूत जाडीचा. खाली तसाच दुसरा, बहुधा त्याहून पातळ. आणि दोहोंच्या मधे तीन-चार सुती बाल्साचे छोटे ठोकळे, लाकडाच्या रेषा उभ्या राहतील असे बसवलेले. १९५९ साली बाजारात आलेल्या, कार्ल अल्बर्गच्या आराखड्याच्या पीअर्सन ट्रायटनचं डेक असंच होतं आणि १९७७पासून हजारोंनी बनलेल्या जे-२४चंही असंच आहे. रचना उत्तम आहे. वजन कमी, ताठपणा भरपूर, पायाखाली डेक लवत नाही. दोष आहे तो भोकांत. त्या काळी बहुतेक कारखान्यांत क्लीट, स्टँचन, विंच बसवताना बोल्टची भोकं थेट बाल्सातून आरपार पाडली गेली आणि फिटिंगखाली थोडं सीलंट लावून काम संपवलं. सीलंट दहा-पंधरा वर्षांत सुकतं, कडक होतं, एका बाजूने सुटतं. बोट मात्र चाळीस वर्षांची होते.

एकदा पाणी आत शिरलं की ते भोकाभोवती थांबत नाही. बाल्साचा पत्रा डेकच्या बाकावर नीट बसावा म्हणून ठोकळ्यांच्या मधे चिरा ठेवलेल्या असतात. त्या चिरा शेतातल्या पाटासारखं काम करतात आणि पाणी लांबवर पोचवतात. कौलारू घरात थेंब पडतो त्या जागेच्या बरोबर वर कौल फुटलेलं नसतं, हे आपल्याला ठाऊक असतं, बोटीतही तसंच. माझ्या केबिनमध्ये ओल दिसायची ती स्टँचनपासून दोन फूट मागे, कपाटाच्या कोपऱ्यात. आणि लाकूड मऊ पडल्यावर नट आवळला की वरचा आणि खालचा थर एकमेकांजवळ ओढले जातात, मधलं लाकूड चेचलं जातं आणि फिटिंगखाली खळगा तयार होतो. पुढच्या पावसाचं पाणी त्याच खळग्यात साचतं. थंड देशांत ज्यांची बोट आहे त्यांचं नुकसान आणखी वेगाने होतं, कारण ते पाणी हिवाळ्यात गोठून फुगतं आणि वरचा थर लाकडापासून सोडवतं.

इतका जोर येतो कुठून, असं वाटेल. स्टँचनचा हिशोब करून बघा. खांब साधारण ६० सेंटिमीटर उंच. बैठकीवरच्या दोन बाजूंच्या बोल्टांमधलं अंतर सहा सेंटिमीटर धरू. धक्क्याला लागताना कुणी खांबाच्या टोकाला धरून बोट ढकलली आणि ५० किलोचा जोर लावला, तर तरफेच्या नियमाने एका बाजूच्या बोल्टांवर दसपट, म्हणजे सुमारे ५०० किलोचा ताण येतो. म्हणून पाहुण्यांना पहिली सूचना ही द्यावी की खांब धरून चढायचं नाही, पाय ठेवायला शिडी आहे. दोर बांधायच्या पुढच्या क्लीटची गोष्ट वेगळी. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर मुरिंगवर असलेल्या बोटीला एलिफंटा-मांडव्याच्या लाँचेसच्या लाटा दिवसभर हिसके देत असतात. एकेक हिसका छोटा, पण हंगामभरात ते किती होतात याचा विचार करा.

आधी तपासणी

माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तशीच डेकची परीक्षा करायची. स्क्रू-ड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि फिटिंगपासून सुरू करून बाहेरच्या बाजूला इंचाइंचाने ठोकत जा. चांगल्या डेकचा आवाज खणखणीत येतो. ओल्या किंवा सुटलेल्या जागी तो बद्द होतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा. सगळ्या खुणा जोडल्या की आजाराचा नकाशा हातात येतो. हे काम सकाळी, आजूबाजूला शांत असताना करा. दुपारच्या गडबडीत कान फसतात.

नकाशावर विश्वास ठेवण्याआधी पुरावा घ्या. केबिनच्या आतून, खालच्या थरातून, तीन-चार मिलिमीटरच्या बिटने छोटी भोकं पाडा. बिटला किती खोल जायचं तिथे चिकटपट्टीची गुंडाळी मारा, म्हणजे वरचा थर फुटणार नाही. बिटवर येणारा कीस बघा. पांढुरका, कोरडा, हाताला हलका असेल तर लाकूड निरोगी आहे. तपकिरी पण तंतू शाबूत असेल तर ओल शिरली आहे, अजून कुजलेलं नाही. काळपट, चिखलासारखं आलं तर ते लाकूड गेलं. ओलावा मोजायचं मीटर असेल तर वापरा, पण धातूच्या जवळ ते चुकीचं वाचतं. कीस चुकीचं सांगत नाही.

पाणी नेमकं कुठून शिरतंय हे कळत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. केबिनची झडपं, हवेची भोकं चिकटपट्टीने बंद करा आणि व्हॅक्यूम क्लीनरचं हवा फेकणारं तोंड आत सोडा, म्हणजे आत किंचित दाब तयार होईल. मग डेकवर प्रत्येक फिटिंगच्या कडेला साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतात. सायकलच्या पंक्चरवाल्याची बादली आठवा, तसंच.

कधी करायचं

आपल्याकडे सगळी दुरुस्ती पावसाळ्यावर ढकलायची सवय आहे, कारण बोट तेव्हा किनाऱ्यावर असते आणि वेळही असतो. रंगकाम, लाकडी दरवाजे, इंजिन यांना ते चालतं. डेकच्या गाभ्याला चालत नाही. जुलैच्या हवेत बाल्सा सुकत नाही आणि दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर धरतो, ज्यावर पुढचा हात चिकटत नाही. माझं मत स्पष्ट आहे: हंगामातले दोन-तीन रविवार मोडा आणि हे काम डिसेंबर-जानेवारीत करा, जमिनीवरून कोरडा वारा येत असताना. तेव्हा जमलं नाही तर एप्रिलमध्ये. मेमध्ये मी सुरू केलं आणि तीन आठवडे पुरले नाहीत. भोकं तात्पुरती बुजवून, वर ताडपत्री टाकून मला ऑक्टोबर संपेपर्यंत थांबावं लागलं.

काढताना

फिटिंग काढायला दोन माणसं लागतात. एक वर, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. एक खाली, पाना घेऊन. वरच्याने बोल्ट घट्ट धरून ठेवायचा, फिरवायचा तो खालच्याने नट. जुने स्टेनलेसचे नट आट्यांतच जाम होतात. जोर लावून एकदम फिरवलं तर आटे एकमेकांत रुततात आणि बोल्ट तुटतो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा, मग थोडं पुढे, थोडं मागे, असं हळूहळू सोडवा. नाहीच निघाला तर नट कापायचा. फिटिंग वाकवायची नाही.

नट निघाले तरी बैठक डेकला चिकटून असते. पटाशीने उचकटू नका, वरचा थर सोलून येईल. हीट गनने धातू हळूहळू तापवा, बारीक तार दोन काड्यांना बांधून बैठकीखालून करवतीसारखी ओढत न्या. आधीच्या मालकाने कायमचं चिकटवणारं पॉलियुरेथेन वापरलं असेल तर धीर धरावा लागतो. सिलिकोन निघालं तर त्याचा मागमूसही राहता कामा नये, कारण सिलिकोनच्या डागावर दुसरं काही धरत नाही.

बोल्ट फेकून देण्याआधी पुसून उजेडात धरा. स्टेनलेस गंजत नाही ही समजूत डेकच्या आत खोटी ठरते. हवा न लागणाऱ्या, खाऱ्या पाण्यात बुडालेल्या भागात तो आतून खाल्ला जातो. डोकं चकचकीत, शेपूट चकचकीत, आणि मधे कंबर बारीक झालेली. असे बोल्ट परत घालू नयेत. नवे ३१६ ग्रेडचेच घ्या. ठोक बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, ३०४चेही स्टेनलेस म्हणूनच मिळतात आणि दिसायला फरक नसतो. बोल्टच्या डोक्यावर ए-४ असा शिक्का असेल तर तो ३१६, ए-२ असेल तर ३०४. चुंबक लावून हे ठरत नाही.

भोकाचा इलाज

गाभा कोरडा असेल आणि फक्त सीलंट गेलं असेल तर काम सोपं आहे, पण तरीही ते अर्धवट करू नका. दोन सुती बोल्टचं भोक असेल तर वरच्या थरातलं आणि बाल्सातलं भोक चार सुती बिटने मोठं करा. खालचा थर तसाच ठेवा. भोकाच्या आजूबाजूचं लाकूड, वाकवलेला खिळा किंवा अ‍ॅलन की ड्रिलमध्ये पकडून, दोन्ही थरांच्या मधून अर्धा इंच आतपर्यंत कोरून काढा. व्हॅक्यूमने भुसा ओढा. थोडी जरी ओल दिसली तर वाळू द्या. घाई इथेच होते. हेअर ड्रायरने रोज थोडा वेळ गरम हवा द्या, रात्री झाका आणि कीस पुन्हा तपासा. ओल्या लाकडात इपॉक्सी शिरत नाही. सुईने इपॉक्सी टोचून कुजका गाभा बरा होतो असं सांगणारे भेटतील. पाण्याने भरलेल्या लाकडात त्याला जागाच नसते.

भरायला इपॉक्सीच हवं. बाजारात स्वस्त मिळणारं साधं पॉलिस्टर रेझिन जुन्या फायबरवर आणि लाकडावर तितकं घट्ट धरत नाही. खालच्या भोकाला चिकटपट्टी लावा. आधी नुसतं इपॉक्सी छोट्या ब्रशने आतल्या भिंतींना पाजा, लाकूड पिईल तेवढं पिऊ द्या. मग त्याच इपॉक्सीत सिलिकाची भुकटी आणि बारीक काचतंतू घालून श्रीखंडाइतकं दाट करा आणि सिरिंजने तळापासून वर भरत या, म्हणजे हवा अडकणार नाही. आपल्या उन्हात ते फार लवकर तापतं आणि कपातच त्याचा दगड होतो, म्हणून सावकाश घट्ट होणारा हार्डनर घ्या, एका वेळी १०० ग्रॅमहून जास्त कालवू नका आणि कालवलेलं पसरट भांड्यात ठेवा. आणि हे काम संध्याकाळी करा, डेक थंड होत असताना. सकाळी केलं तर उन्हाने लाकडातली हवा फुगते आणि इपॉक्सीतून बुडबुडे काढते. संध्याकाळी तीच हवा आकसते आणि इपॉक्सीला आत ओढते. हातमोजे, चष्मा, आणि घासताना मास्क यांत सूट नाही. काचेची धूळ फुप्फुसात गेलेली बाहेर येत नाही.

दुसऱ्या दिवशी वर मेणचटपणा असेल तर पाणी आणि घासणीने धुऊन काढा, पॉलिश पेपर मारा, आणि बोल्टच्या मापाचं भोक नव्याने पाडा. आता बोल्टभोवती लाकूड नाही, इपॉक्सीचा भरीव खांब आहे. पुन्हा कधी सीलंट सुटलंच तर पाणी केबिनमध्ये टपकेल आणि तुम्हाला कळेल. गाभ्यात जाणार नाही.

खडूचा नकाशा तळहाताहून मोठा असेल तर भोकं भरून भागत नाही. वरचा थर चौकोनी कापून उचलावा लागतो, कुजका गाभा खरवडून नवा बाल्सा इपॉक्सीत बसवावा लागतो आणि वर काचकापड लावून जोड तिरपा घासून मिळवावा लागतो. पहिल्यांदाच करत असाल तर अनुभवी फायबरवाल्याला सोबत घ्या. मात्र तो लाकडाच्या जागी नुसती पुट्टी भरत नाही ना, हे समोर उभं राहून बघा.

खालची पाटी आणि वरचं सीलंट

जुन्या बोटींत नटाखाली नाण्याएवढ्या चकत्या असतात. एवढ्याशा जागेवर ५०० किलोचा ताण आला तर खालचा थर चिरडणारच. फिटिंगच्या दुप्पट-तिप्पट क्षेत्रफळाची पाटी लावा, कोपरे गोल करून. मला सगळ्यात पसंत आहे ती दोन सुती ग्लास-इपॉक्सी शीट. विजेच्या इन्सुलेशनचा माल ठेवणाऱ्या दुकानात ती कापून मिळते. फक्त साधं हायलम देऊ नका असं बजावून सांगा. अ‍ॅल्युमिनियम चालतं, पण स्टेनलेसच्या बोल्टाशी खाऱ्या ओलीत ते झिजतं. डेकची खालची बाजू खडबडीत असते, म्हणून पाटी दाट इपॉक्सीच्या थरावर बसवा. ती सपाट टेकली नाही तर उपयोग अर्धा होतो.

सीलंट म्हणून मी धातूच्या फिटिंगसाठी ब्युटाइल टेप वापरतो आणि तीच सुचवतो. ती कधी कडक होत नाही, फिटिंग किंचित हलली तरी सोबत हलते, आणि दहा वर्षांनी काढावी लागली तर निघते. काऊंटरसिंक बिटने भोकाच्या तोंडाला मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा उतार द्या. टेप हातात मळून वळवटासारखी बारीक दोरी करा, बोल्टच्या डोक्याखाली तिचा शंकू वळा, बैठकीखाली तिचे वेढे द्या. बोल्ट घातल्यावर वरून तो फिरवू नका. फिरला की बसलेली टेप पिळवटून सुटते. वरचा माणूस नुसता धरून राहील, खालचा नट आवळेल, आणि कडेने टेपची झालर बाहेर यायला लागली की थांबेल. दुसऱ्या दिवशी दुपारी, डेक तापलेलं असताना, प्रत्येक नटाला पाव फेरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. झालर कापायची ती नंतर. प्लास्टिकच्या खिडक्या-झडपांना पॉलिसल्फाइड लावू नका, ते प्लास्टिक खातं. डिझेलच्या टाकीच्या तोंडाला ब्युटाइल नको, ते इंधनात विरघळतं.

चेनप्लेटबद्दल वेगळं सांगायला हवं. ज्यांना डोलकाठीच्या तारा बांधलेल्या असतात त्या पट्ट्या डेकमधून आरपार जातात आणि हमखास गळतात. डोलकाठी उभी असताना एका वेळी एकच तार सोडायची, तीही हॅलियर्डने, म्हणजे शीड चढवायच्या दोराने, त्या बाजूला डोलकाठी ताणून धरल्यावर. शंका वाटली तर डोलकाठी उतरवा.

काम झाल्यावर प्रत्येक नटाखाली टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवा आणि डेकवर पाण्याचा पाइप सोडा, सखल बाजूपासून वर चढत, एकेका फिटिंगवर दहा-दहा मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी कुठून आलं ते कळणार नाही. कागदाला साधा ओलसरपणा आला तरी ती फिटिंग त्याच आठवड्यात उघडा. माझ्या त्या स्टँचनखालचा कागद दोन पावसाळ्यांत पिवळा पडला आहे, पण कोरडा आहे. उजव्या बाजूच्या जेनोआ ट्रॅकचा चौथा बोल्ट मात्र या वर्षी कागद भिजवतोय, आणि जानेवारीतले दोन रविवार मी त्याच्या नावावर लिहून ठेवले आहेत.